एमपर्यंतची पानं

३ नोव्हेंबर १९६६
इंग्रजी शब्दकोशातलं 'एल' अक्षर खलास! शेवटचं पान पाठ केलं, फाडलं, चावून गिळलं. पान पोटात गेलं की परत उघडून बघायची सोय नाही, म्हणून डोकं झक मारत लक्षात ठेवतं. आमच्या मोकपो शहरात असे शब्दकोश खाणारे बरेच, पण एलपर्यंत पोचलेली मी एकटीच! वर्गात इंग्रजीचे पे सर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "मल्सुन इंग्रजीचा फडशा पाडणार." आई म्हणते, आतडी काळी होतील. होऊ देत.

९ नोव्हेंबर
'एम'ही संपला. पंधरा तारखेला शब्दार्थ स्पर्धा. पहिल्या नंबराला वर्षभर फी माफ. नंबर हुकला तर मार्चपासून शाळा बंद आणि आईबरोबर जाळी विणायची.

शब्दकोश दादानेच जुन्या बाजारातून आणला. त्याची शाळा सहावीतच सुटली. पहाटेपासून बंदरावर बर्फाच्या लाद्या ओढतो, संध्याकाळी पलीकडच्या खोलीत आडवा होतो. मी मोठमोठ्याने घोकते, तरी कुरकुर नाही. मेल्यासारखा झोपत असणार.

१२ नोव्हेंबर
आरशासमोर बक्षीस घ्यायचा सराव केला. छान वाकते मी!

१४ नोव्हेंबर
उद्या स्पर्धा, आणि 'मॉडेस्ट'चा अर्थच आठवेना! पान पोटात. पे सर परगावी. गल्लीत दुसरा शब्दकोश नाही. रडायलाच लागले.

दादा उंबऱ्यात ओले मोजे पिळत होता. मान वर न करता म्हणाला, "स्वतःच्या गुणांचा गाजावाजा न करणारा."

मी बघतच राहिले. मग 'ए'पासून विचारत सुटले. एक अर्थ चुकेल तर शपथ! मी जिथे दम खाते, तिथे तोही दम खात होता.

"भिंत पातळ आहे," तो म्हणाला.

"मग पुस्तक उघडून बघायचं नाही का रे?"

"सकाळी बघावं म्हटलं, तर पान तुझ्या पोटात."

चिडून नाही, हसत म्हणाला. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१५ नोव्हेंबर
पहिली! वीसपैकी वीस. टाळ्या पडल्या तेव्हा छाती फुगली. पण खरं लिहायचं तर मनात दादाच होता. बर्फ ओढत अर्धा शब्दकोश नुसत्या कानांनी पाठ केला त्याने. कोणाचा भाऊ आहे असा?

१६ नोव्हेंबर
पे सरांकडून रात्रशाळेचा अर्ज आणला, दादाचं नाव घातलं. 'एन'चं पहिलं पान पाठ झालं. फाडलं नाही.