मागच्या चाकाचा पत्रा

आबा, काल भूगावला लेकीकडे होते. जावई पार्किंगमध्ये मोटरसायकलचं तुटलेलं प्लास्टिक बदलत बसले होते. नवे भाग कुरिअरनं घरपोच आलेले. अंगठा दाबला की जुना तुकडा खट् करून सुटायचा आणि नवा तसाच बसायचा. मी विचारलं, "बसवलेलं पुन्हा निघतं का हो?" ते हसले. "निघतं की आई, नुसत्या हातानं." मला तिथं उभं राहवेना. वर गेले आणि बाथरूममध्ये नळ सोडून रडले. या वयात, लेकीच्या घरात.

साठ वर्षं होत आली. तुमची फटफटी लष्कराच्या लिलावातली. दुधाच्या किटल्या बांधून रोज पौडाला जायचात. आई मागे बसली की घरी येईस्तोवर तिच्या लुगड्याची मागची बाजू चिखलानं भरायची, कारण मडगार्डची गंजून पार चाळण झाली होती. "बाजाराला गेली व्हती का लावणीला, लोकं इचारत्यात," असं म्हणून ती फणकारायची. म्हणून त्या पावसाळ्यात तुम्ही घरीच कामाला बसलात. मला अजून दिसतं. तुम्ही रॉकेलचे डबे कापून पत्रा काढताय, आईचा पाटा पडवीत आणून त्यावर ठोकताय, आणि पिठाचे हात तसेच घेऊन ती ओरडतेय, "आवं, पाटा हाय त्यो, ऐरण न्हाई!" नवा मडगार्ड तर केलातच, वर दोन्ही बाजूंनी चाक खालपर्यंत पत्र्यानं झाकलंत. बोल्ट घालायचे तिथं ठोकून चपट्या केलेल्या रिबिटा मारल्यात. नट ढिला पडतो, खडखडतो, त्याचा तुम्हाला भारी राग. "कायमचं बसिवलंय," तुम्ही तिला सांगितलंत. "आता शितोंडा उडला तर मला सांग." त्या दिवशी तुमच्या भाकरीवर लोण्याचा गोळा मोठा होता.

भाताची लावणी चालू असतानाच, चुलीमागचं सरपण ओढताना आईला नाग चावला. माणसं विष उतरवायला भगताला बोलवा म्हणत होती. तुम्ही ऐकलं नाहीत. "भगत नगं. पौडाच्या दवाखान्यात नेतो, आत्ता पोचतो." तिला मागे बसवलंत आणि उपरण्यानं स्वतःच्या पाठीशी बांधलंत. तुमचे थोरले भाऊ आणि मी मागून बैलगाडीनं निघालो. पाऊस उघडला होता. आम्हाला वाटत होतं, तुम्ही केव्हाच पोचला असाल.

आणि ओढ्याच्या पुलावर तुम्ही दिसता. आई दगडी कठड्यावर निजवलेली, डोळे अर्धे मिटलेले. फटफटी जागची हलत नाही. खाचरांतून येणाऱ्या गाड्यांनी रस्ताभर सांडलेला चिखल चाकात आणि पत्र्यात गच्च बसलाय, आणि त्याला बाहेर पडायला तुम्ही वाटच ठेवलेली नाही. तुम्ही दगडानं रिबिटा तोडताय, बोटं रक्तानं भरलीत. काका ओरडले, "आरं, काढ की त्यो पत्रा!" तुम्ही वर बघितलंत. "निघंना, दादा. निघंना."

आई बैलगाडीत गेली, पौड दिसायच्या आधी.

भगत आणला असता तर जगली असती, असं बायका तुमच्या देखत बोलायच्या. त्यानंतर तुम्ही कशालाच पक्की गाठ मारली नाहीत. दाव्याला नुसता पीळ द्यायचात. गुरं सुटून दुसऱ्याचं भात खायची, लोक दारात येऊन शिव्या द्यायचे, तुम्ही खाली मान घालून ऐकायचात. शेवटपर्यंत तसेच राहिलात. मला वाटायचं, माझं वय झालं की मनातलं हे थोडं हलकं होईल. काही होत नाही हो आबा. आहे तसंच आहे, आणि आता ते मी मेल्यावरच जाईल.

हा कागद कुठंच पोचायचा नाही, म्हणून एवढं लिहिते. गाडीत आईचं डोकं तुमच्या मांडीवर होतं, पाय माझ्या. ती गेल्याचं मला कळलं आणि रडू यायच्या आधी मी तिच्या लुगड्याची मागची बाजू बघितली. एकही शिंतोडा नव्हता, आबा.