सगळ्यात मोठा खर्च

४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाबांचा छापखाना बंद झाला हे तुला कळलंच. आता औषधाच्या दुकानातल्या माझ्या पगारावर तिघांचं चालवायचं, आणि त्यात घरमालकाने भाडं वाढवलंय. नाही जमलं तर या दोन खोल्या सोडाव्या लागतील, असं आई म्हणते आणि लगेच म्हणते की मी काही म्हटलंच नाही.

म्हणून मी नियम केलेत. डाळ आधी भिजत घालायची, झाकणाशिवाय काही शिजवायचं नाही. इस्त्री आठवड्यातून एकदाच, सगळ्यांची एकदम. संध्याकाळी एकाच खोलीत दिवा. भुकेल्या पोटी बाजारात जायचं नाही, नको ते घेतलं जातं. साबणाचे उरलेले तुकडे बाबा ओले करून एकमेकांवर दाबतात आणि वर वजन ठेवतात, पुस्तक बांधल्यासारखे. फार मन लावून करतात. तरी भाड्याला कमीच पडतंय. तुझ्या घरचे उपाय कळव.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
धाकटी

१५ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

मी पैसे पाठवले असते गं, पण यांनाही सध्या महिन्यातले अर्धेच दिवस काम मिळतंय. उपाय मात्र लागतील तेवढे घे. दुधाची पिशवी विसळून ते पाणी चहात घाल. मी घालते, सासूबाईंची नजर चुकवून. टूथपेस्टची नळी कापून बघ, आत आठवडाभराचा माल निघतो.

आणि खरं सांगू? तुमच्याकडचा सगळ्यात मोठा खर्च म्हणजे बाबा! दिवसभर चहा, आंघोळीला कढत पाणी, पंखा, रेडिओ. त्यांना फुकटात ठेवून घेणारं कुणी बघ, भाडं आपोआप सुटेल. चिडवतेय हं. त्यांच्या कानावर घालू नकोस.

आईला जप, स्वतःलाही.

तुझी,
ताई

२८ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आपल्याकडे आलेलं पत्र जेवताना मोठ्याने वाचतात, हे तू लिहिताना विसरलीस आणि मी आधी चाळून घ्यायला विसरले. कानावर घालू नकोस, हे शब्द दिसले तेव्हा आधीचं सगळं वाचून झालं होतं. बाबाच सर्वांत जास्त हसले. सकाळी मात्र चहा नको म्हणाले.

त्याच आठवड्यात त्यांनी गावाबाहेरच्या गोदामावर राखणदाराचं काम धरलं. पगार नावाला, पण खोली, जेवण, चहा सगळं मालकाचं. रेडिओ आमच्याकडेच ठेवून गेले. आईला म्हणाले, थोरलीचं डोकं पहिल्यापासून व्यवहारी.

बाबांची कशी समजूत घालू तेवढं सांग.

तुझी,
धाकटी

२० जुलै

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

थट्टा केली गं मी. माझ्या पत्राला ते उत्तर देत नाहीत. तू जा आणि त्यांना घेऊन ये. हात धरून आण.

ताई

३ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सुट्टीच्या दिवशी गोदामावर गेले. खोलीत एक खाट, एक खुर्ची, खिळ्याला त्यांचा शर्ट. मला खुर्चीत बसवून त्यांनी कपभर चहा दिला, दुधाचा, दाट. इथे हवा तेवढा पी, मालक मोजत नाही, म्हणाले. बारीक झालेत. तुझ्यावर राग नाही, उत्तर द्यायला पोस्टाच्या तिकिटाचा खर्च कशाला, असं वाटलं म्हणे.

घरी चला, हे शब्द वाटेत घोकत गेले होते. पण त्यांनी आधीच विचारलं, भाडं गेलं का? त्यांच्यासमोर खोटं बोलायची सवय आपल्याला कुणी लावलीच नाही. गेलं म्हटलं, पूर्ण गेलं. इतके खूश झाले, ताई, पाठ थोपटली माझी. शेजारच्या राखणदाराला हाक मारून सांगितलं की माझ्या पोरीने घर राखलं.

मग मी चहा संपवला, कप विसळून ठेवला आणि घरी चला न म्हणताच निघाले.

ते परत आले तर कुठे काय कमी करायचं, हे मी येताना पुन्हा पुन्हा जुळवून पाहिलं. जुळत नाही. आई रोज विचारते, कधी येतायत. मी म्हणते, बघते.

तुझा लोभ मला लागणारच आहे, तो असू दे.

तुझी,
धाकटी