ओटी भरली ती भलतीचीच

कलकत्ता,
मंगळवार, १९ नोव्हेंबर १९७४

ती. सरलाताईस,

सुहासिनीचा वाकून नमस्कार. (कागदावर वाकायला काय जातंय, प्रत्यक्षात कंबर धरली आहे.) तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला थांबला का? फराळाचा डबा पोचला. चकल्यांचा भुगा झाला होता, तो दह्यात कालवून संपवला. डब्याच्या तळाशी तू मुकुंदसाठी तीन मुलींचे फोटो घातले होतेस, त्यांना मात्र चिवड्याचं तेल लागून तिघी आता सख्ख्या बहिणी दिसतात. कुठलीही पसंत पडली तरी चालेल असं तुझ्या मनात असेल, तर युक्ती चांगली आहे.

आता मुकुंदचं. बँकेने त्याची बदली इकडे केल्याला तीन वर्षं झाली. लग्नाचा विषय निघाला की तो हवापाण्यावर येतो आणि रजा शिल्लक असून साताऱ्याला फिरकत नाही, असं तू दर पत्रात लिहितेस. मावशी या नात्याने मी छडा लावावा, असं तुझं फर्मान होतं. तो मी लावला. आमच्या शेजारच्या प्रेमलताबाई (जन्म इथलाच, त्यामुळे गावभरची खबर त्यांच्याकडे) म्हणाल्या, की मुकुंद दर रविवारी एस्प्लनेडमागच्या गल्लीतल्या एका लहानशा चर्चमध्ये जातो. चर्च म्हणजे पोरगी ख्रिश्चन, यात मला शंका उरली नाही. शनिवारभर रडले आणि रविवारी सकाळी ठरवलं, की पोरगा हातचा जाण्यापेक्षा सून पदरात घेतलेली बरी. (तू आठ दिवस रडली असतीस, पण ठरवलं हेच असतंस.) पिशवीत नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि तू पाठवलेला हिरवा खण घातला (रागावू नकोस, तो रंग मला उठून दिसत नव्हता) आणि निघाले.

चर्चच्या दारात सवयीने चपला काढल्या. आत बघते तर सगळे पायांत बूट घालून बसलेले. मुकाट्याने पाय साडीत लपवून शेवटच्या बाकावर बसले. मुकुंद पुढे होता. त्याच्या एका बाजूला एक उंच, चष्मेवाला तरुण आणि दुसऱ्या बाजूला पिवळ्या साडीतली, लांब वेणीची मुलगी. म्हटलं, हीच ती. गळाही गोड होता. (तुझ्या तेलकट तिघींपेक्षा उजवी, खोटं कशाला बोलू.) प्रार्थना संपताच मी पुढे गेले, तिला पदर पसरायला लावला आणि पाद्रीबाबांच्या देखत तिची यथासांग ओटी भरली. मुकुंद पांढराफटक पडला. मुलीचे मात्र डोळे भरून आले. तिचं नाव मिनती. मला नमस्कार करून तिने मागच्या बाकावरच्या एका नर्सबाईला हाताला धरून पुढे आणलं आणि हिंदीत सांगितलं, की आम्ही दोघी सहा वर्षं एकत्र संसार करतो, पण आमचं असं कोणी केलं नव्हतं.

ताई, म्हणजे मी देवासमोर भलत्याच घरच्या लक्ष्मीची ओटी भरून मोकळी झाले होते. पाद्रीबाबा म्हातारे बंगाली गृहस्थ, फार शांत. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा दिला आणि समजावलं, की पुरुषाचा जीव पुरुषावर जडलेला असो की बाईचा बाईवर, या दारातून कोणाला परत पाठवायचं नाही असा इथला नेम आहे. तेवढ्यात माझी नजर मुकुंदच्या हाताकडे गेली. तो त्या चष्मेवाल्याच्या हातात होता.

त्याचं नाव प्रद्योत. कॉलेजात इतिहास शिकवतो. तो ख्रिस्ती आहे. आपला मुकुंद आहे तसाच आहे, अजूनही गणपतीला फूल वाहिल्याशिवाय चहा घेत नाही. पण एवढ्या मोठ्या शहरात दोघांना मान वर करून शेजारी बसता येईल अशी ही एकच जागा, म्हणून तो तिथे जातो.

मला राग आला का? आला ना. पण निघताना बघते, तर माझ्या चपला कोणी नेऊ नये म्हणून प्रद्योतने त्या मघाशीच उचलून आत ठेवल्या होत्या. जावई म्हण, सून म्हण, इतकं लक्ष तुझ्या-माझ्या नवऱ्याने कधी दिलंय? मग राग काही टिकला नाही. भाऊजींना हे सगळं तू तुझ्या रीतीने, पण जेवणं झाल्यावर सांग.

तुझी धाकटी,
सुहासिनी

ता. क. तिन्ही फोटो परत पाठवते आहे. पुसून घेतले आहेत.

दुसरा ता. क. हे पत्र मी मुकुंदला विचारूनच लिहिलं. खरं तर तोच लिहिणार होता. त्याच्या ट्रंकेत तुला लिहायला घेतलेली चौदा पत्रं आहेत. 'ती. आईस' याच्या पुढे एकही गेलेलं नाही.

शेवटचा ता. क., आणि लिहायला बसले ती यासाठीच. प्रद्योत माझ्या पाया पडला तेव्हा पिशवी रिकामी झालेली होती. पोराला मी कोरड्या हाताने आशीर्वाद दिला, ते मनाला लागून राहिलंय. दर थंडीत तू मुकुंदला स्वेटर विणून पाठवतेस. यंदा दोन वीण. छाती चाळीस, आणि त्याचे हात लांब आहेत.