उशीवरची लाल माळ

प्रिय कासुबा,

गुरुवारी म्वापेला माती दिली. मी सगळ्यांसाठी मक्याच्या पिठाची न्शिमा घोटली, वाढली, भांडी घासली. रडू काही आलं नाही. "बाना कापेंबाचं काळीज दगडाचं आहे बाई," असं बायका माझ्या पाठीमागे म्हणाल्या. म्हणू देत. मला त्याचंही काही वाटलं नाही.

तुम्हा दोघींना मी एकाच वर्षी लग्नासाठी तयार केलं. नाच शिकताना तू फिदीफिदी हसायचीस आणि चिमटा बसायचा म्वापेला. शेवटच्या दिवशी दोघींना मण्यांच्या दोन-दोन माळा दिल्या. पाळी आली की उशीवर लाल, संपली की पांढरी, नवऱ्याने बघून समजायचं. आणि खालच्या अंगाचं दुखणं माझ्याशिवाय कुणापाशी बोलायचं नाही, हेही मीच शिकवलं.

गेल्या वर्षी म्वापे आली. नवऱ्याजवळ गेलं की रक्त जातं म्हणाली. लाल माळ महिन्यात तीन-तीनदा उशीवर ठेवावी लागते, नवरा वैतागलाय. मी मुळ्या उकळून दिल्या. वर दटावलं, "पांढरीच ठेव. घर मोडायचंय का तुला?" बिचारीने ऐकलं. उशीवर पांढरी माळ आणि अंगाखाली रक्त टिपायला चितेंगेच्या कापडाच्या घड्या.

मग मलाच डाग दिसायला लागले. माझी पाळी जाऊन सहा वर्षं झाली होती. आणि मी काय केलं? डोक्यावरचं फडकं कपाळापर्यंत ओढून गुपचूप दवाखान्यात गेले. गर्भाशयाच्या तोंडाशी गाठ निघाली. डॉक्टरीणबाईंनी ती काढली, तपासायला पाठवली. साधी होती. "बहुतेक गाठी साध्याच असतात, आई," त्या म्हणाल्या, "पण तपासल्याशिवाय ते मलाही सांगता येत नाही. पाळी नसताना, नवऱ्याजवळ गेल्यावर किंवा पाळी कायमची गेल्यावर रक्त दिसलं, घाण वासाचं पाणी गेलं, तर वाट बघायची नाही."

हे म्वापेला सांगायला मी तीन महिने लावले. शिकवणारीनेच दवाखाना गाठला हे कबूल करायची लाज वाटली. मग ती तपासायला गेली. तिची गाठ साधी नव्हती. तोवर कॅन्सर पसरला होता.

काल तिच्या आईने माळा परत आणून दिल्या. पांढरीचा दोरा झिजलाय. लाल माळ जवळजवळ नवी आहे.

म्वापे आली त्याच महिन्यात तुझाही निरोप आला होता, कासुबा. तेच रक्त. तुलाही मी त्याच मुळ्या पाठवल्या, तेच सांगितलं. ते चूक होतं. हे पत्र वाचून झालं की लाल माळ उशीवर ठेव, नवऱ्याला तोंडाने सांग आणि किट्वेच्या मोठ्या दवाखान्यात बायकांच्या डॉक्टरकडे जा. मला विचारत बसू नकोस. आधी जा, मग माझ्यावर हवं तेवढं रागव.

तुझीच, तुला गप्प राहायला शिकवणारी,
बाना कापेंबा