नाकाले रुमाल

सिंदी मेघे,
१४ नोव्हेंबर १९९८

हर्षाताई,

रविवारपासून मले तुमची किळस येऊन राह्यली. अर्धांगानं पडलेल्या सख्ख्या आईजवळ तुम्ही नाकाले रुमाल लावून बसल्या. चहाही घेतला नाई. वरून त्याईच्यासमोर मले म्हणाल्या, "वहिनी, किती वास मारते! फिनाईल टाकत नाई का?"

आईंचं अंग गेलं आहे, कान नाई गेले.

सोमवारपासून त्याईनं जेवण सोडलं. मंगळवारी खिचडी थुंकून टाकली. बुधवारी रडत म्हणाल्या, "खाल्लं का घाण होते, कोकिळा. नको देऊ."

खरं सांगते, पहिल्या महिन्यात त्याईचं लुगडं धुतलं का मीही मोरीत ओकत होती. पण दार लावून.

काल मी त्याईच्याच खाटेवर बसली. त्याईच्याच ताटात वरणभात कालवला अन् पहिला घास मी खाल्ला. मंग त्याईनं तोंड उघडलं. चार घास पोटात गेले.

हे पत्र मी टाकणार नाई. तोंड पुसून देताना आई म्हणाल्या, "हर्षाले काई लिहू नको वं. तिले राग आला, त ती येणारच नाई."

तुमची वहिनी,
कोकिळा