सगळ्यांना तत्त्वतः मंजुरी

३ फेब्रुवारी, सकाळी
स्टाफरूममधली माझी खुर्ची परीक्षा विभागाने पुन्हा पळवली. बदली आलेली डावीकडे कलते. जिथे प्राध्यापकाला सरळ बसता येत नाही, तिथे सॉफ्टवेअर काय डोंबल घडणार!
तरीही आजपासून तिसऱ्या वर्षाला गिट. अगदी इंडस्ट्रीसारखं. सगळ्यांचा कोड ऑनलाइन, एकाच ठिकाणी, आणि माझ्या मंजुरीशिवाय त्यात एक ओळ जाणार नाही. मी पनवेलबाहेर नोकरी केलेली नाही, पण व्हिडिओ भरपूर पाहिलेत.

६ फेब्रुवारी
विभागप्रमुख किशोरी मॅडम म्हणाल्या, गिटबिट ठीक आहे हो सर, पण जर्नलला काय लावणार? बाहेरून येणारा एक्स्टर्नल परीक्षक सही कशावर करणार?
तोडगा काढला. कोडमधल्या प्रत्येक बदलाची प्रिंट काढून जर्नलला लावायची. इंडस्ट्री आणि विद्यापीठ यांना असं कुणी जोडलं नव्हतं.

१३ फेब्रुवारी
नऊ जणांना मंजुरी दिली. न वाचता. विश्वासही शिकवावा लागतो. बाकीचे रविवारी.
सायमा म्हणाली, सर, माझं बघा ना, सव्वीसला इंटरव्ह्यू आहे, त्यांना कोडची लिंक द्यायचीय, ती उघडली की 'मंजुरी बाकी' दिसतं. म्हटलं, इंडस्ट्रीत घाई करत नाहीत. मागून अथर्व म्हणाला, सर, तिथे घाईच असते. अथर्वला पुढे बसवावं.

१५ फेब्रुवारी, रविवार
कामोठ्याला साखरपुडा. उरलेल्यांना तत्त्वतः मंजुरी. बटण नंतर दाबतो.

२३ फेब्रुवारी
वर्गात प्रात्यक्षिक. माझ्या लॅपटॉपवरचा जुना कोड वर जाईना. गिट नको म्हणत होतं. मी जबरदस्तीने पाठवला. गेला. नऊ जणांचं मंजूर काम पुसून गेला. लॅबचे कॉम्प्युटर शनिवारीच फॉरमॅट झालेले, तिथल्या प्रतीही गेलेल्या.
सायमाचं वाचलं, कारण ते मंजूरच नव्हतं, बाजूला वेगळं पडून होतं. हा फायदा तिच्या लक्षात आणून दिला. ती म्हणाली, मग आता करता का, सर? म्हटलं, बघतो.

२४ फेब्रुवारी
नऊ जण जर्नलमधल्या प्रिंटवरून पुन्हा टाइप करतायत. किशोरी मॅडम म्हणाल्या, बघा, शेवटी जर्नलच कामाला आलं.

२७ फेब्रुवारी
अथर्वकडून कळलं, सायमाचं झालं नाही. तिला इंटरव्ह्यूत विचारलं म्हणे, तुमचं काम कुणीच का तपासलं नाही? ती म्हणाली, सर बिझी असतात.
दुपारी तिचा कोड उघडला. चहा निवायच्या आत वाचून झाला. चांगला आहे.
बटण दाबलं. खाली शेऱ्यासाठी जागा होती. 'उशीर झाला' एवढंच लिहिलं. कुणाला सांगितलं नाही.