नाव आधी वाजलं

माय, तुझे पाळणे आता विकले जातात, आणि विकायला ते मीच मोकळे केले. हे तुला सांगायचं म्हणून रोजच्या हिशेबाच्या वहीची मागची कोरी पानं घेतलीत, नवा कागद आणला नाही.

तुला अक्षर येत नव्हतं. केदारखेड्यात कुणाकडं बारसं असलं की तुला बोलावणं यायचं. तू बाळाकडं बघून पाळणा रचायचीस आणि घरी आल्या आल्या मला म्हणायचीस, "लिही गं, न्हाईतर सकाळी इसरन मी." बाळाच्या नावाच्या जागी मी रेघ ओढायचे. 'कपाशीच्या बोंडात उतरलं चांदणं, ____ बाळाच्या ओठी आलं हासणं.' गाताना तू बरोबर त्या रेघेपाशी थांबायचीस. आत्या पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव सांगायची, बायका हसत तिच्या पाठीत धपाटे घालायच्या, आणि तिनं सांगितलेलं नाव घेऊन मगच तू पुढं जायचीस. परत येताना पदरात घुगऱ्या. दुसरं काही तू कधी घेतलं नाहीस.

मी सातवीत असताना वर्गातल्या पोरींना दोन पाळणे छान अक्षरात लिहून दिले आणि प्रत्येकीकडून एकेक पेन्सिल घेतली. तू चुलीपुढं भाकरी थापत होतीस. हात परातीत तसाच ठेवून म्हणालीस, "लिहून द्याया कोण न्हाई म्हणलं? समद्या गावाला दे. पण पेन्सिल कशाची घेतलीस? मी पाळणे इकून राह्यले का?" घरोघर फिरून परत करायला लावल्यास. एक अर्धी झिजली होती. ती हातात घेऊन त्या पोरीची आई म्हणाली, "तुझी माय लई कडक बाई!" मला त्या दिवशी मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. शेवटच्या दुखण्यातही तू पाळण्यांची वही उशाशी मागून घेतलीस आणि तेच म्हणालीस, कुणीबी घ्यावं, कुणीबी गावं, इकू नये. मी हो म्हणाले.

पुढं किती वर्षांनी तुझ्या धाकटीची लेक, आता जालन्याला कॉलेजात शिकवते, वही बघून म्हणाली, हे इंटरनेटवर टाकू, न्हाईतर वाळवी खाईल. मग तिनं मला समजावलं. "लोकांना वापरायला द्यायचे दोन परवाने हायेत, मावशी. दोन्हीत आजीचं नाव सांगावंच लागतं. एकात धंदा चालत न्हाई, दुसऱ्यात चालतो. पण धंदा नको म्हणलं की लोक बिचकतात. तिकिटाचा कार्यक्रम धंदा का? जाहिरातीचं चॅनेल धंदा का? कुणालाच धड कळत न्हाई, मंग कुणी हातच लावत न्हाई. आन् बघ, एकदा दिलेला परवाना वापस घेता येत न्हाई." माझ्या डोळ्यांपुढं जाफराबादपासून अंबडपर्यंतच्या बायका पाळणा हलवत गाताना आल्या. मी दुसरा परवाना निवडला.

गेल्या आठवड्यात माझ्या नातीचं बारसं झालं, अंबडला, भाड्याच्या हॉलमध्ये. माझी लेक आत्या म्हणून पाळण्यात वाकते आहे, मी मागं उभी राहून मनात तुझी चाल धरते आहे, तेवढ्यात स्पीकर गायला लागतो. तुझाच पाळणा. कुणाचाच नसलेला गोड आवाज, मागं बासरी, आणि रेघेच्या जागी माझ्या नातीचं नाव. आत्यानं सांगायच्या आधी. सगळा हॉल टाळ्या वाजवतो. लेक कंबरेवर हात ठेवून सरळ होते. "घ्या! आता कानात काय सांगू? समद्यांसंगं ऐकलं की तिनं." विहीणबाईंनी सोबत सूर लावला होता, पण ते गाणं कुणासाठी थांबत नाही, त्या मधेच गप्प झाल्या. सूनबाई खुशीत. "आई, सरप्राइज! ॲपवर नाव टाकून पैसे भरले की दोन मिनिटांत गाणं येतं. आवडलं का तुम्हाला?" ती बिचारी, तिला काय ठाऊक. मी आवडलं म्हणाले.

तिच्या फोनवर बघितलं. तुझं नाव बारीक अक्षरात, बिनचूक. त्याच्या खाली लिहिलेलं, आमच्या परवानगीशिवाय हे कुणी उतरवून घेऊ नये. तू साऱ्या गावाला दिलेलं, माय, आणि त्याला कुलूप लावलं.

भाचीला फोन केला. थांबवता येईल का? ती म्हणाली, "न्हाई, मावशी. त्या ॲपवाल्यांचं काहीच चुकलं न्हाई. वहीतून कुणीबी घेऊ शकतं, फक्त त्यांचं गाणं उतरवता येत न्हाई." आणि पहिला परवाना दिला असता तर? "तर नोटीस तरी धाडता आली असती. पुढं कोर्टात काय झालं असतं, ते मी कसं सांगू?"

तेव्हापासून सकाळी देवापुढं दिवा लावते, हात जोडते, पण काय मागावं ते सुचत नाही. गेलेलं परत आण म्हणून देवालाही कसं सांगू? हॉलमधल्या एकाही बाईला पाळणा शेवटपर्यंत गाता आला नाही, आणि पाळण्यांची वही तर आता सगळ्या जगाला उघडी आहे. हे पान फाडून तुझ्या फोटोमागं ठेवावं म्हटलं, पण धजत नाही. हिशेबाच्या वहीतच राहू दे.

एक मात्र अजून लिहिलं नाही. परवाना निवडायच्या आधी भाचीनं मला स्वच्छ विचारलं होतं, "आजीची काही अट होती का?"

मी म्हणाले, "न्हाई गं. ती कुठं असलं काही बोलायची."